वाचकांचे प्रश्न : कृष्णधवल छायाचित्रासाठी लेन्सवरचा फिल्टर की सॉफ्टवेअर?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय वेगवेगळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा आला, तो म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने कृष्णधवल छायाचित्र काढताना रंगीत फिल्टर वापरावेत की नाहीत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे.

प्रश्न : मी पूर्वी कृष्णधवल फिल्मवर काम करत असे. पिवळा, नारिंगी आणि लाल असे तीन फिल्टर माझ्याकडे अजून जपून ठेवलेले आहेत. आता डिजिटल कॅमेरा घेतला आहे. हे फिल्टर लावून फोटो काढावेत, की रंगीत फोटो काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल करावा? दोन्हींचा परिणाम सारखाच येतो का?

उत्तर : आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर रंगीत असेल, आणि बहुतेक सर्व डिजिटल कॅमेऱ्यांचा तो तसाच असतो, तर हे तिन्ही फिल्टर लावू नयेत, रंगीत रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली सेन्सरची मूळ नोंद) घ्यावी आणि रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे फिल्मवर काम केले आहे त्यांना हे उत्तर चटकन पटत नाही, कारण फिल्टर चढवणे त्यांच्या हाताच्या वळणी पडलेले असते. म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

पँक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्म सगळ्या रंगांचा प्रकाश टिपते, पण तो एकदा टिपला गेला की कोणता भाग कोणत्या रंगाचा होता याची नोंद तिच्यावर उरत नाही. निळे आकाश आणि पांढरा ढग निगेटिव्हवर जवळजवळ सारखेच आले, तर डार्करूममध्ये कितीही खटपट केली तरी त्यांना रंगाच्या आधारे वेगळे करता येत नाही. त्यामुळे हा निर्णय शटर दाबण्यापूर्वीच घ्यावा लागे. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. म्हणून लाल फिल्टरमधून लाल वस्तू उजळ आणि निळे आकाश गडद येते. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अन्सेल ॲडम्स यांनी कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले, आकाश फिके येईल हे त्यांच्या ध्यानात आले, आणि मग गडद लाल फिल्टर लावून, शिल्लक राहिलेल्या निगेटिव्हच्या काचेवर त्यांनी ते पुन्हा घेतले. त्या दुसऱ्या छायाचित्रातले जवळजवळ काळे आकाश फिल्टरने घडवलेले आहे. फिल्मच्या काळात तो परिणाम साधण्याचा दुसरा सरळ मार्गच नव्हता. त्याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागे : पिवळ्या फिल्टरसाठी साधारण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), नारिंगीसाठी सुमारे दोन आणि २५ क्रमांकाच्या लाल फिल्टरसाठी तीन.

डिजिटल सेन्सरची गोष्ट वेगळी आहे. सेन्सर मुळात रंगांध असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक सूक्ष्म फिल्टर कायमचा बसवलेला असतो. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळे असतात. याचा अर्थ असा की आपण रंगीत डिजिटल कॅमेऱ्याचे बटण दाबता तेव्हा एकाच वेळी तीन फिल्टरांमधून छायाचित्र घेत असता आणि ती तिन्ही फाईलमध्ये सुरक्षित राहतात. अशा सेन्सरपुढे आणखी एक लाल काच लावली, तर हिरव्या आणि निळ्या पिक्सेलांपर्यंत प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर खरे काम करणारे पिक्सेल मग सुमारे ६० लाखच उरतात. बाकीच्या जागा शेजारच्या लाल पिक्सेलांवरून अंदाजाने भरल्या जातात, किंवा त्यांतला अतिक्षीण प्रकाश वाढवून घेताना नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो.

मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, सकाळच्या स्वच्छ निळ्या आकाशासमोरचे एक झाड दोनदा टिपले : एकदा २५ क्रमांकाचा लाल फिल्टर लावून आणि एकदा काहीही न लावता. दुसऱ्या फाईलमधला केवळ लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची नोंद, घेऊन तिचे कृष्णधवल केले. पडद्यावर पूर्ण चित्र पाहताना दोन्हींतले आकाश जवळपास सारखेच गडद दिसत होते. पण शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर, आकाशावर आडव्या गेलेल्या बारीक काटक्यांच्या कडा फिल्टरच्या चित्रात तुटक आणि पायऱ्यांसारख्या झाल्या होत्या, आणि खोडाच्या सावलीतल्या भागात सालीच्या रेषांऐवजी दाणे दिसत होते. शिवाय फिल्टरविना सेकंदाच्या २५०व्या भागात झालेले काम फिल्टरसह ३०व्या भागावर गेले, आणि तेवढ्या अवधीत वाऱ्याने शेंड्याची पाने हलली. गमावले ते सगळे फिल्टरच्या चित्राने. बदल्यात हाती असे काही लागले नाही जे दुसऱ्या फाईलमध्ये आधीपासून नव्हते.

आणखी एक फसगत होते, ती एक्स्पोजरची, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा याची. लाल काच लावल्यावर हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या उजेड-काळोखाच्या वाटणीचा, एकत्रित आलेख काळोखाकडे झुकलेला दिसतो, म्हणून आपण एक्स्पोजर वाढवतो, आणि तेवढ्यात लाल चॅनेल उतू जाऊन त्यातला तपशील कायमचा नाहीसा होतो. ज्यांना तरीही फिल्टर लावून पाहायचाच आहे त्यांनी लाल, हिरवा व निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार होणारी रंगांची जुळवणी) स्वयंचलित न ठेवता उन्हाच्या प्रकाशावर स्थिर करावा.

दोन्हींचा परिणाम सारखा येतो का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "जवळजवळ" असे आहे. काचेचा फिल्टर प्रत्यक्ष प्रकाशावर काम करतो, तर सॉफ्टवेअर त्या प्रकाशापासून बनलेल्या तीन आकड्यांवर. सेन्सरवरच्या सूक्ष्म फिल्टरांचे पट्टे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात, त्यामुळे नुसता लाल चॅनेल हा गडद लाल काचेपेक्षा थोडा सौम्य असतो. चॅनेल मिक्सरमध्ये, म्हणजे तिन्ही चॅनेल हव्या त्या प्रमाणात मिसळण्याच्या साधनात, लाल १४०, हिरवा उणे २० आणि निळा उणे २० असे प्रमाण ठेवले, तर ही तूट बरीचशी भरून निघते. तिन्हींची बेरीज १०० च्या आसपास राहील एवढे पाहावे, म्हणजे एकूण उजेड बदलत नाही.

प्रश्न : मी सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणून फोटो कृष्णधवल करतो. तो नेहमी सपाट आणि निर्जीव दिसतो. लाल फुले आणि हिरवी पाने एकमेकांत मिसळून जातात. चूक कुठे होते?

उत्तर : रंग काढून टाकण्याच्या या पद्धतीत आपण कोणताही निर्णय घेत नाही, चूक तेवढीच आहे. एक उदाहरण आकड्यांनी पाहू. समजा फुलाच्या एका पाकळीवर लाल २००, हिरवा ४० आणि निळा ५० अशा किमती आहेत, आणि शेजारच्या पानावर त्या अनुक्रमे ६०, ११० आणि ५० आहेत. उजळपणा काढण्याच्या एका प्रचलित सूत्रात लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ एवढे वजन दिलेले असते. त्याने हिशेब केला तर पाकळीचा करडा रंग सुमारे ८९ येतो आणि पानाचा सुमारे ८८. डोळ्यांना झोंबणारा लाल-हिरवा विरोध एका आकड्याच्या फरकात विरून गेला. आता त्याच फाईलमधला फक्त लाल चॅनेल घेतला, तर पाकळी २०० आणि पान ६०, म्हणजे काळोख्या पानांवर उजळलेले फूल. आणि फक्त हिरवा घेतला, तर पाकळी ४० आणि पान ११०, म्हणजे उजळ पानांत बुडालेले गडद फूल. दोन्ही चित्रे खरी आहेत. त्यांतले कोणते हवे हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.

यासाठी सॉफ्टवेअरमधले कृष्णधवल मिश्रणाचे साधन वापरावे. लाइटरूममध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, ॲक्वा, निळा, जांभळा आणि मजेंटा असे आठ स्लायडर मिळतात. फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून सहा स्लायडरांचा वेगळा ॲडजस्टमेंट लेअर आहे. गिम्प, डार्कटेबल आणि रॉथेरपी या मोफत प्रोग्रॅममध्येही चॅनेलचे मिश्रण करता येते. काम करताना आधी रंगांच्या छटा जुळवाव्यात आणि कॉन्ट्रास्ट नंतर वाढवावा. उलट क्रमाने केले, तर सपाटपणा झाकण्यासाठी आपण कॉन्ट्रास्ट एवढा ताणतो की सावल्या काळ्या ठिक्कर पडतात आणि फूल व पान तरीही एकाच छटेत राहतात.

स्लायडरांना हात लावण्यापूर्वी तिन्ही चॅनेल एकेक करून नुसते पाहून घ्यावेत, ही सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. दूरच्या डोंगररांगेचे चित्र असेल तर निळ्या चॅनेलमध्ये डोंगर धुरकट पडद्याआड गेलेले दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये त्यांच्या घड्या स्पष्ट उमटतात, कारण हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. व्हाइट बॅलन्सकडेही दुर्लक्ष करू नये. रॉ फाईलचे कृष्णधवल केल्यानंतर व्हाइट बॅलन्सचा तापमान हा स्लायडर हलवून पाहा. करड्या छटा हळूवार सरकतात. आठ स्लायडरांपेक्षा हा एकच स्लायडर कधीकधी जास्त नैसर्गिक परिणाम देतो.

प्रश्न : आकाश गडद करण्यासाठी मी निळा स्लायडर अगदी शेवटापर्यंत खाली ओढतो. आकाश गडद होते, पण त्यात दाणे आणि चौकोनी ठोकळे दिसू लागतात, आणि छपरांच्या कडेने पांढरी रेषा येते. फिल्टर लावला असता तर हे टळले असते का?

उत्तर : हा दोष फिल्टर न लावल्याचा नाही. तो बहुधा जेपीईजी फाईलवर एवढे जड काम केल्याचा आहे. जेपीईजीमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जेपीईजी बनवताना उजळपणाची माहिती पूर्ण बारकाव्याने ठेवली जाते, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाव्याने साठवली जाते आणि आठ बाय आठच्या ठोकळ्यांमध्ये दाबली जाते. रंगीत चित्रात हे डोळ्यांना जाणवत नाही. पण कृष्णधवल करताना आपण रंगाचेच रूपांतर उजळपणात करतो, आणि मग रंगात दडलेले ते ठोकळे आकाशात उघड्यावर येतात. आपल्याला दिसणारे चौकोन बहुधा हेच आहेत.

दाण्यांचे कारण निराळे आहे. एका रंगाचा स्लायडर टोकाला नेला की त्या रंगातले बारीक चढउतारही कित्येक पटींनी ताणले जातात, आणि आकाशासारख्या सपाट भागात ते लगेच दिसतात. छपराच्या कडेची रेषा दोन कारणांनी येते : लेन्सच्या वर्णदोषामुळे (सगळे रंग नेमके एकाच जागी न जुळल्यामुळे) कडेला आलेली निळी-जांभळी किनार वेगळ्या छटेत बदलते, आणि जिथे आकाशाचा निळा संपून छपराचा रंग सुरू होतो त्या अरुंद पट्ट्यात मिसळलेल्या रंगावर स्लायडर अर्धवटच लागू होतो.

उपाय असा : रॉ फाईल घ्यावी, वर्णदोषाची दुरुस्ती आणि रंगांचा नॉइज कमी करण्याचे काम आधी करावे, चित्र १६ बिटमध्ये उघडावे, आणि एकट्या निळ्याला टोकाला नेण्याऐवजी निळा आणि ॲक्वा दोन्ही थोडे खाली आणून उरलेला गडदपणा आकाशापुरत्या मास्कने, म्हणजे तेवढाच भाग निवडून, द्यावा. एवढे करूनही आकाश पांढरेच राहत असेल, तर ते ढगाळ होते असे समजावे. ढगाळ आकाशात निळा रंगच नसतो, त्यामुळे ते गडद करणे ना लाल काचेला जमते ना स्लायडरला.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यातील मोनोक्रोम मोडमध्ये पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा असे फिल्टरचे पर्याय आहेत. हे खरे फिल्टर आहेत का?

उत्तर : नाहीत. कॅमेऱ्यातला संगणक तिन्ही चॅनेलचे ठरावीक मिश्रण करून तसा जेपीईजी बनवतो, एवढेच. तरीही हा मोड फार उपयोगाचा आहे. कॅमेरा रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवील असा लावून मोनोक्रोम मोड चालू ठेवावा. पडद्यावर दृश्य कृष्णधवल दिसते, लाल किंवा पिवळा पर्याय बदलून छटा कशा हलतात ते जागेवरच पाहता येते, आणि रॉ फाईलमध्ये सर्व रंग शाबूत राहतात. फक्त जेपीईजी साठवत असाल, तर रंग कायमचे गेले हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : मग डिजिटल छायाचित्रणात लेन्सवर लावण्याजोगा एकही फिल्टर उरला नाही का?

उत्तर : उरले आहेत, आणि ते नक्की लावावेत. निकष एकच आहे : जी गोष्ट सेन्सरपर्यंत पोहोचल्यावर वेगळी काढता येत नाही, ती आधीच अडवली पाहिजे. रंग सेन्सर वेगळे काढतो. प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, तो वेगळी काढत नाही. म्हणून एकाच दिशेने कंपणारा प्रकाश आत सोडणाऱ्या पोलरायझर या फिल्टरला पर्याय नाही. पाण्यावर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब सॉफ्टवेअर गडद करू शकेल, पण त्या प्रतिबिंबाखाली झाकलेले तळाचे दगड फाईलमध्ये आलेलेच नसतील तर ते दाखवणार कुठून? पाण्याच्या पृष्ठभागाला लंब रेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या कोनातून पाहिले, तर पोलरायझर फिरवताच चकाकी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते आणि ओले दगड, शेवाळ, बुडालेली पाने आपापल्या छटांसह वर येतात. ओल्या पानांवरची पांढरी चमक काढण्यासाठीही तो तितकाच उपयुक्त आहे, आणि कृष्णधवलमध्ये ही गोष्ट अधिकच जाणवते, कारण तिथे ती चमक पांढऱ्या डागांसारखी विखुरलेली दिसते. आकाश मात्र सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेलाच सर्वाधिक गडद होते, म्हणून वाइड लेन्सवर आकाशात एकच काळपट पट्टा उमटण्याचा धोका असतो. अशा वेळी पोलरायझर पूर्ण परिणामापर्यंत न फिरवता थोडा अलीकडेच ठेवावा. पोलरायझरसाठी दीड ते दोन स्टॉप प्रकाश द्यावा लागतो, आणि तो द्यावा.

सर्व रंगांचा प्रकाश सारखाच कमी करणाऱ्या एनडी फिल्टरचे तसेच आहे. १० स्टॉपचा एनडी लावला की सेकंदाच्या ६०व्या भागाचे एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांवर जाते आणि वाहते पाणी रेशमी होते. अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर सॉफ्टवेअरनेही याच्या जवळपास पोहोचता येते, पण काम बरेच वाढते. वरून गडद आणि खाली पारदर्शक असलेल्या ग्रॅज्युएटेड फिल्टरचा आग्रह मी आता धरत नाही. दोन वेगळ्या एक्स्पोजरची चित्रे जोडणे अधिक अचूक होते. यूव्ही फिल्टर काचेचे रक्षण करतो, चित्रात काही भर घालत नाही.

इन्फ्रारेड फिल्टर मात्र वेगळ्याच वर्गातला आहे. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर जो प्रकाश आत सोडतो त्यातला बहुतेक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि हिरवी पाने तो भरपूर परावर्तित करत असल्यामुळे बर्फासारखी पांढरी येतात. सॉफ्टवेअरमध्ये हिरवा उजळ करून त्याची नक्कल केली जाते, पण त्या नकलेत हिरव्या रंगाने रंगवलेला दरवाजाही झाडाइतकाच पांढरा होतो, कारण सॉफ्टवेअरला पान आणि रंग यांतला फरक कळत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे द्यावे लागते आणि ट्रायपॉड अनिवार्य होतो.

प्रश्न : व्यक्तिचित्रासाठी कोणता फिल्टर परिणाम चांगला?

उत्तर : लाल किंवा नारिंगीकडे झुकलेल्या मिश्रणाने त्वचा उजळ होते, डाग आणि मुरुमांच्या खुणा विरून जातात, पण ओठही फिकट पडतात आणि चेहरा निस्तेज दिसू लागतो. हिरव्याकडे झुकलेल्या मिश्रणात ओठ गडद होतात, त्वचेचा पोत आणि सुरकुत्या उठून दिसतात. वयस्क, अनुभवी चेहऱ्याला ते शोभते. सॉफ्टवेअरची खरी बाजू इथे कळते. चेहऱ्याला नारिंगीचे मिश्रण आणि ओठांपुरते हिरव्याचे, असे एकाच चित्रात दोन फिल्टर लावणे कोणत्याही काचेला शक्य नाही. नारिंगी स्लायडर फार वर नेऊ नये. त्वचेच्या छटा एकमेकांत मिसळल्या की चेहरा मेणाचा वाटतो.

प्रश्न : केवळ कृष्णधवल छायाचित्रे घेणारे मोनोक्रोम सेन्सरचे कॅमेरेही मिळतात. त्यांच्यासाठी आपला हाच सल्ला लागू आहे का?

उत्तर : तिथे सल्ला बरोबर उलटा होतो, आणि पहिल्या पत्रलेखकांनी जपलेले तीन फिल्टर तिथे पुन्हा बाहेर काढावेत. २०१२ मध्ये आलेला लायका एम मोनोक्रोम किंवा २०२३ मधील पेंटॅक्स के-३ मार्क थ्री मोनोक्रोम अशा कॅमेऱ्यांमध्ये पिक्सेलवरचे रंगीत फिल्टर नसतातच. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल प्रत्यक्ष मोजलेली किंमत देतो, शेजाऱ्यांवरून अंदाज करावा लागत नाही, बारकावा वाढतो आणि कमी प्रकाशात नॉइज कमी येतो. पण फाईलमध्ये रंगाची माहिती अजिबात नसते. निळ्याचा स्लायडर ओढायला निळाच शिल्लक नसतो. फिल्मप्रमाणेच इथेही निर्णय शटरच्या आधी घ्यावा लागतो.

निसर्गचित्रांसाठी पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लेन्सवर कायम ठेवून सुरुवात करावी. लाल फिल्टरने उघड्यावरच्या सावल्याही गडद होतात, कारण त्या सावल्यांना आकाशाचाच निळा उजेड मिळत असतो. तो अडवला की त्यांत काही उरत नाही, म्हणून लाल जपून वापरावा. फोकस फिल्टर लावल्यानंतरच करावा, कारण काही लेन्समध्ये लाल प्रकाशाचा फोकस किंचित सरकतो. आणि एक्स्पोजर उजळ भागाकडे पाहून ठरवावे : रंगीत सेन्सरवर एक चॅनेल उतू गेला तरी उरलेल्या दोनांवरून थोडाफार तपशील परत मिळतो, इथे तसा आधार नाही. ढगाची उजळ कड हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला टेकत असेल, तर एक्स्पोजर अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावे आणि सावल्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये वर उचलाव्यात. हे सेन्सर त्या कामाला चांगले पुरतात.